साडूच्या बोटीचं बूच

...आणि वायपर चालू! नाही, तुम्हीच सांगा, माणसाची गाडी धक्क्याच्या उतारावरून मागच्या मागे पाण्यात चाललीये, सीटखालून बुडबुडे येतायत, तो घाबरून हाताला लागेल ते बटण दाबणारच ना? दाबलं मी! वायपर लागले! यात हसण्यासारखं काय आहे? पण आमचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, काठावर उभे राहून व्हिडिओ काढत होते. मदत? छे! व्हिडिओ! आता मी काही डूख धरणारा माणूस नाही, पण त्या गोष्टीला चौदा महिने आणि नऊ दिवस झाले.

चूक माझी एवढीच, की पट्टा सोडायचा राहिला. बोट ट्रेलरला पट्ट्यानं आवळलेली असते. उतारावर रिव्हर्स घ्यायच्या आधी तो सोडायचा, की बोट तरंगते आणि ट्रेलर खालीच राहतो. माझी बोट तरंगली ती ट्रेलरला घेऊन! ट्रेलरनं गाडीची मागची चाकं उचलली, हँडब्रेक मागच्याच चाकांना, पुढची चाकं शेवाळावर... निघाली वरात! शेवटी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्यानं शांतपणे दोर बांधला, डोकं खाजवलं, आणि मला विचारतो, "साहेब, बोट उतरवायची होती का गाडी?"

हे वाक्यसुद्धा व्हिडिओत आहे बरं का! स्पष्ट ऐकू येतं! तुम्हाला सांगतो, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर हे भेटायला आले आणि नर्सला व्हिडिओ दाखवत बसले! ती हसतेय, हे हसतायत, माझे टाके तुटायची वेळ आली, रागानं! तरी मी काही डूख धरणारा माणूस नाही. फक्त दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन धक्क्यावर जाऊन बसायचो. कधीतरी साडू चुकतील, आणि तेव्हा माझा फोन चार्ज असेल!

आणि मग आली सासऱ्यांची पंच्याहत्तरी. हॉल ठरला, मोठा पडदा ठरला, आणि साडू मला फोन करून, अगदी साखरेत घोळवून, "साडूभाऊ, शेवटचा आयटम तुमचा हं! ट्रॅक्टरवाल्याच्या डायलॉगला खाली अक्षरंसुद्धा टाकलीयत!" अहो, पहिल्या रांगेत कोण बसणार? माझ्या मुलीचे होणारे सासू-सासरे! अजून ते मला शहाणा समजतात! माझ्या पायाखालची वाळूच सरकली. म्हटलं, आता साडूंचा व्हिडिओ हवा. आठ दिवसांत.

तर पंच्याहत्तरीच्या आदल्याच रविवारी साडूंची नवी बोट पाण्यात उतरायची होती. सगळं घर हजर. साडूंच्या हातात कार्ड, त्यावर पंधरा मुद्दे, प्लास्टिकच्या कव्हरात! पेन्सिलीनं खुणा करत मोठ्यानं वाचतायत, "पट्टा... सोडला! हे काही जण विसरतात." माझ्याकडे बघून! "बूच... आहे!" बूच म्हणजे बोटीच्या बुडाशी मागे पाणी काढून टाकायला भोक असतं ना, त्याचं. ते होतं खरं, पण त्यांच्या हातात! तेवढ्यात सासऱ्यांनी हाक मारली, "अहो जावईबापू, मी कोणत्या बाजूला बसू?" ह्यांनी बूच ठेवलं ट्रेलरच्या मडगार्डवर, आणि गेले.

मी बघितलं. फक्त मी! चकचकीत पितळी बूच, अंगठ्याएवढं. मी ते उचललं... का? हरवू नये म्हणून! बायकोला म्हटलं, "फोन धर, तुझ्या बहिणीची नवी बोट आहे, सुरुवातीपासून घे, एक क्षण सुटता कामा नये." म्हणाली, "अहो, केव्हाच चालू केलाय."

बोट उतरली. काय झोकात उतरली! आणि दोन मिनिटांत मागून बसायला लागली, जेवून उठता न येणाऱ्या माणसासारखी. साडू ओरडतायत, "बूच! बूच कुठाय?" आहाहा! चौदा महिने ज्याची वाट बघितली तो आवाज! ...पण माझ्या लक्षातच आलं नव्हतं हो, की सासरे आत बसलेत! नारिंगी लाइफ जॅकेट घालून! पोहता येत नाही! बाकावर उभे राहून ओरडतायत, "जावईबापू, पाणी मोज्यांपर्यंत आलं!"

मग मात्र चपला भिरकावल्या. घातली उडी, कपड्यांसकट. पाणी छातीएवढं. बुडी मारली, चाचपडून भोक शोधलं, खिशातलं बूच काढून पिळून बसवलं, वर आलो तर टाळ्या! साडू गळ्यात पडले, रडत, खरंच रडत! "देवमाणूस तुम्ही! पण बूच मिळालं कुठं?" म्हटलं, "तळाशी... हाताला लागलं." सासरे म्हणाले, "धन्य तुमची!" साडूंनी तिथल्या तिथं फोन काढला आणि माझ्यादेखत तो व्हिडिओ कायमचा पुसला. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी त्यांना मनापासून माफ केलं!

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग सासऱ्यांचा वाजला. आणि काठावरून बायको, कौतुकानं, "अहो, सगळं आलंय! तुम्ही म्हणालात तसं अगदी सुरुवातीपासून! ग्रुपवर टाकलं!"

पंच्याहत्तरी थाटात झाली. साडू शब्दाचे पक्के हं, जुना व्हिडिओ नाही लावला. नवा लावला. मोठ्या पडद्यावर मी बूच उचलतोय, इकडे बघतोय, तिकडे बघतोय, खिशात टाकतोय, वरून खिसा थोपटतोयसुद्धा! हॉल नुसता कोसळला. व्याही डोळे पुसत होते. आणि वन्स मोअर कुणी दिला? सासऱ्यांनी! ज्यांना मी वाचवलं त्यांनी!

आता मी काही डूख धरणारा माणूस नाही, पण खरं सांगू? जुना व्हिडिओच बरा होता हो. त्यात मी निदान नुसता मूर्ख होतो.