लीड्सच्या बाई

दिल्लीतल्या द्वारकेच्या मेट्रोत माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्या सोसायटीतली मुलगी मराठीत बोलत होते.

“हॅरिसकाका, तुमचा डीएनएचा रिपोर्ट आला?”

“आला ना. पणजोबा इंग्रजच होते. नगरच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशीही जुळलं.”

“अच्छा. मग तिकडे इंग्लंडात कुणी नातेवाईक सापडले?”

“लांबच्या एक बाई आहेत, लीड्सला. पण रिपोर्टातल्या नातेवाइकांच्या यादीत सगळ्यात वर इथल्याच फरीदाबादच्या एकाचं नाव आलं.”

“फरीदाबादला कोण आहे तुमचं?”

“सख्खा भाऊ. आई गेली तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्यानंही टेस्टसाठी थुंकी पाठवलेली दिसतेय.”

“मग मेसेज केलात?”

“केला, लीड्सच्या बाईंना. विचारलं, घरी सगळे कसे आहेत.”