अठ्ठावन्नचं म्हातारपण

"नव्या सूनबाईला कळू देऊ नका, दारात पोलीस आले तर काय तोंड दाखवायचं?" सासूबाईंची कुजबुज ऐकून मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबले. लग्नाला जेमतेम महिना. वाटलं, सासऱ्यांनी खून केलाय की काय!

मला पाहून सासरे म्हणाले, "आयकराची नोटीस हाय. गेल्या साली कंपनीतून रिटायर झालो, फंडाचं पैशे ठेवीत टाकलं. व्याजावर ज्येष्ठ नागरिकांची वजावट घेतली. रिटायर झालो म्हंजी ज्येष्ठच की! आता तुरुंगात घालत्यात."

मी ट्रे ठेवला, नोटीस वाचली आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "मामा, कंपनी माणसाला अठ्ठावन्नला म्हातारं करते, सरकार साठीला. तुरुंगबिरुंग काही नाही, राहिलेला कर व्याजासकट भरून टाका. साठीपर्यंत तुम्ही तरुणच आहात."