किकडाउनची तार आणि कुंदाचं माहेर

…नाही, पण मी म्हणतो, काम ते केवढं? एक तार बसवायची! दीड हात लांब, वाळत घालायला बांधली तर एक बनियन मावणार नाही एवढीशी तार, आणि तिच्यापायी, तुम्हाला सांगतो, श्रावणापासून दिवाळीपर्यंत माझे झाडून सगळे रविवार गाडीखाली गेले! गाडीत नव्हे हो… गाडीखाली!

गाडी अमेरिकन. आमच्या हापिसातला गोरा साहेब विलायतेला निघाला आणि जाता जाता माझ्या गळ्यात मारून गेला. आपोआप गिअर बदलणारी! क्लच नाही, दांड्याची खटखट नाही, अख्ख्या अंधेरीत अशी दुसरी नाही! आता दुसरी नाही म्हणजे दुरुस्त करणाराही दुसरा नाही, हे मला कुणी सांगायचं?

आणि ही गाडी बसली कुठे? गेल्या भाऊबीजेला, कुंदाच्या माहेरच्या चढावर! कुंदा म्हणजे आमची ही. तिचा भाऊ नंदकुमार घाटकोपरला टेकडीवर बंगला बांधून राहतो. वर जायचा रस्ता असा, की पोस्टमनसुद्धा खालूनच हाक मारतो. तर निम्म्या चढावर गाडी धापा टाकायला लागली आणि थांबली ती थांबलीच. कुंदाची आत्या, मामा, चुलतभाऊ, सगळं माहेर पदर-धोतर खोचून खाली… ढकला! आणि वर उभा राहून नंदकुमार काय म्हणतो? "मार्तंडराव, पुढच्या वर्षी बैल पाठवू का?" सगळे खो खो हसले. कुंदा नाही हसली. रात्री घरी येऊन एवढंच म्हणाली, "पुढच्या भाऊबीजेला गाडी आपली आपण चढली, तरच मी येणार. नाहीतर माझं माहेर संपलं." आता आई-वडील गेल्यावर या बाईला माहेर म्हणून तो एकच भाऊ हो! आणि ही बोलली की बोलली. 

मग जो तो सांगायला लागला, गिअरबॉक्स मेला. पानवाला म्हणतो मेला, शेजारचे मास्तर म्हणतात मेला. म्हटलं, एवढे लोक म्हणतात तर मेलाच असणार! आठ महिने दुसरा शोधला, तेव्हा खाडीपलीकडे मढला एका बंगल्याच्या आवारात अशीच मोडकी गाडी सापडली. आत कोंबड्या! मालक म्हणाला, हा गिअरबॉक्स न्या, तुमचा मेलेला इथे आणून टाका, कोंबड्यांना गिअर लागत नाही. ते धूड होडीतून वर्सोव्याला आणताना एका कोळणीनं त्याच्यावर बोंबलाची पाटी टेकवली. अजून गाडी तापली की मांजरं मागं येतात!

तो बसवला धोंडूनं. धोंडू आमचा मिस्त्री, सावंतवाडीकडचा, हाताला सोनं. दोन दिवसांत गिअरबॉक्स जागेवर. हात पुसत म्हणतो, "झाला सायबानू. आता फकस्त तार ऱ्हवली." "कसली रे?" "किकडावनची."

म्हणजे असं बघा, चढाला गाडी दमली की पायातलं पेडल पार तळाला दाबायचं. शेवटच्या अर्ध्या इंचाला ही तार ताणली जाते आणि गिअरबॉक्सला निरोप पोचतो, 'बाबा रे, एक गिअर खाली ये आणि जोर लाव!' बस. संपलं तिचं काम. काम केवढं? एक तार बसवायची!

पण नव्या गिअरबॉक्सला जुनी तार चार बोटं आखूड! धोंडूनं सायकलच्या ब्रेकची तार आणली. पहिल्या रविवारी ती जास्त ताणली गेली; गाडी पहिला गिअर सोडेना, बोरिवलीपर्यंत नुसता आक्रोश! लोक खिडक्यांत आले, एका म्हातारीनं हात जोडले! पुढच्या रविवारी सैल केली, तर म्हशींचा तांडा आम्हाला मागे टाकून गेला. वर तबेल्यातला भय्या विचारतो, "साहब, धक्का लगाऊँ?" मग अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे… असे रविवारांवर रविवार! शेवटी धोंडूनं बॉनेट उघडून हातानं खेचून दाखवली, तार कशी चोख ताणली जाते ती. आणि मी रस्त्यावर नेली की पुन्हा ढिम्म!

"धोंडू, तार चुकलीय!"

"तार बरोबर आसा. तुमचो पाय थंय पोचणा नाय."

"माझा पाय? मग तूच चालवून बघ ना!"

"माका खंय चलवूक येता?"

ऐकलंत? गाडीचा मिस्त्री, आणि गाडी चालवता येत नाही! अहो, हे म्हणजे आचाऱ्यानं म्हणायचं, मी जेवत नाही!

उजाडली भाऊबीज. कुंदा जरीचं लुगडं नेसून, मांडीवर ओवाळणीचं ताट घेऊन बसली. चपला आम्ही दोघांनी दारातच काढल्या. कारण गाडी आली त्या, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझ्या आईनं तिची पूजा केली आणि बजावलं, "लक्ष्मी ती! चपला घालून कसले बसता मेल्यांनो?" पत्रा तापतो, अनवाणी पाय पोळतात, म्हणून माउलीनं पायाखाली स्वतः शिवलेली गोधडी अंथरली. चांगली चार पदरी!

आला चढ. निम्म्यावर गाडी धापा टाकायला लागली. मी दाबलं. दोन्ही पायांनी दाबलं. सीटवरून उठून उभा राहून दाबलं हो! गाडी थांबली. बरोब्बर गेल्या वर्षीच्या जागी. मी कुंदाकडे पाहिलं… ती निरांजनातली वात उगाच सारखी करत बसली. तुम्हाला सांगतो, तिनं चारचौघांत मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

तेवढ्यात वरून नंदकुमार बूट वाजवत आला. "उतरा मार्तंडराव. बघू." बसला, पायाशी वाकला, आणि म्हणतो, "हे काय? गाडी आहे की बाळंतिणीची खोली?" ओढली गोधडी, टाकली माझ्या अंगावर, आणि बूट दाबला खाली… खट्ट! गाडीनं गिअर टाकला आणि अशी उधळली वर, की कुंदा, ताट, निरांजन, सगळं दिसेनासं झालं! काम केवढं? अहो, एक गोधडी काढायची!

म्हणजे तार बरोबर होती. धोंडू बरोबर होता. अहो, जुना गिअरबॉक्ससुद्धा धडधाकट होता, तो सध्या मढला, त्याच्यावर कोंबड्या बसतात!

मी आपला गोधडी खांद्यावर टाकून, अनवाणी, चढ चढून फाटकाशी पोचलो. व्हरांड्यापुढे सगळं माहेर गाडीभोवती जमलेलं. मामा म्हणतायत, "कुंदे, काय झकास चढली गं!" आणि कुंदा… वर्षानं असं हसताना पाहिलं मी तिला… कुंदा सांगतेय, "यांनी स्वतः तार बसवली हो!" इतक्यात आत्यांनी, त्यांना जरा कमीच दिसतं, माझ्याकडे बोट केलं, "अगं, दारात तो घोंगडीवाला आलाय! सणासुदीचं काही नको म्हणावं त्याला!"

आता सांगा, कुंदाच्या त्या चेहऱ्यासमोर मी काय बोलणार होतो? म्हटलं, "बरं आत्याबाई… मागल्या दारानं येतो."