उकिरड्यावरचा दिवा

रुखमाबाई : गाठोडं बांधलं का तिनं? माह्यानं तिचं तोंड पाहवत नाई, गुणवंतराव.

गुणवंतराव : वहिनी, दिवाळी सरली नाही अजून. सुनेला कायमची माहेरी धाडली तर गाव काय म्हणेल?

रुखमाबाई : गाव म्हणूनच राह्यलं. पांढऱ्या पायाची आली, दिवा ठेवला तं जमीन पेटली. गोठा गेला, माहा तांबड्या बैल गेला. माहा पोरगा वारलूबी बायकोची बाजू घेत नाई.

चंदा : आत्याबाई, उकिरड्यावर दिवा तुमीच ठेवाले लावला. वाऱ्यानं विझन, भेगेत ठेव म्हणाल्या.

रुखमाबाई : माह्यावर घेऊ नको. जलमभर मी दिवाळीले उकिरड्यावर दिवा ठेवला. कधी भडकला?

चंदा : तवा उकिरडा उघडा होता. कोंबड्या उकरत, दसऱ्याले तुमी फावड्यानं वरखाली करत. आता कमेटीनं गोठ्यामांगं विहिरीवानी खड्डा खोदला, साऱ्या गावचा कचरा कोंबला, वरून माती चोपली, ती वाळून भेगाळली. मामाजी, कमेटीचे अध्यक्ष तुमी, तुमीच करवला ना तो?

गुणवंतराव : गावातला वास बंद झाला म्हणून लोकांनी हार घातला मला.

चंदा : हार पाह्यला मी. भेगेत काय होतं ते सांगा.

(गुणवंतराव दाराबाहेर कोणी नाही ना, ते पाहून येतात.)

गुणवंतराव : वायू होता. कचऱ्याला हवा लागली की त्याचं नीट खत होतं. कोंडून कुजला की आत पेटणारा वायू साठतो. चांद्याच्या जिल्हा कचेरीतला साहेब बजावून गेला होता, खड्डे उथळ करा, उकरत राहा. पण उथळ खड्ड्यांना जागा जास्त लागते. माझं वावर गेलं असतं त्यात.

रुखमाबाई : म्हणजे पोरीचा दोष नाई?

गुणवंतराव : नाही.

रुखमाबाई : मंग चावडीवर सांगा तसं.

गुणवंतराव : निवडणूक तोंडावर आहे, वहिनी. एवढी पार पडू द्या. मग कमेटीकडून तुमचा गोठा बांधून देतो.

रुखमाबाई : कवेलूच्या छपराचा?

गुणवंतराव : कवेलूचा.

रुखमाबाई : चंदा, निघ माय. दिवस बुडाच्या आत पोचशीन.

चंदा : जातो, आत्याबाई. माह्या बापाचा उकिरडा उघडाच आहे. वास येते त्याचा. पण दिवा ठेवला तं दिवाच राह्यते.