दोघींत एक औषध

(ठाण्यातल्या एका क्षयरोग दवाखान्याची प्रयोगशाळा, १९५४. डॉक्टर मंदाकिनी टेबलाशी. समोर मिठागरात राबणारी सगुणा, तोंडावर पदर.)

मंदाकिनी : खोटं बोलू नकोस, सगुणा. सुई आणि पावडर, दोन्ही घेतलीस?

सगुणा : घेतली की, बाय.

मंदाकिनी : मग ही नळी बघ. तुझ्या थुंकीतले जंतू आहेत. सुईतलं औषध घालूनही कसे माजलेत, पावाच्या चुऱ्यासारखे! आणि ह्या पावडरच्या नळीत एकही उगवला नाही. पावडरही पोटात गेली असती तर जंतू सुईला असे पुरून उरले नसते. मळमळतं म्हणून खाडीत ओतलीस ना?

सगुणा : देवाशप्पथ नाय! तुळसाला दिली.

मंदाकिनी : कोण तुळसा?

सगुणा : माजी नणंद. नवरा गेल्यावर आमच्यातच असते. तीबी खोकते, रगत पडतंय. मंग सुई माजी, पुडी तिची. भाकर वाटून खातो, औषध काय येकटीनं गिळू?

मंदाकिनी : अगं, मग तिला इथे का नाही आणलंस?

सगुणा : माजं कळलं तवाच विहिरीवर येऊ नको बोल्ले. दोघींचं कळलं तं पोरांना पानी कोन देईल?

मंदाकिनी : काय केलंत गं हे! दोन्ही औषधं एकदम पडली तरच जंतू मरतात. एकट्या औषधाला ते सरावतात. तुझे सुईला सरावले.

सगुणा : मंग मी मरनार?

मंदाकिनी : नाही गं. नवी गोळी निघालीये. गोळी आणि पावडर एकत्र घातली त्या नळीत काही उरलं नाही. दोन्ही तू घ्यायचीस. तू एकटीनं.

सगुणा : आन तुळसा?

मंदाकिनी : तिची थुंकी आण. पण नळीत वाढायला महिना-दीड महिना जाईल.

सगुणा : तवर तिलाबी गोळी द्या ना!

मंदाकिनी : तुझेच जंतू तिच्यात गेले असतील तर तिला सुई लागू पडणार नाही. पावडर तिनं एकटी खाल्ली, तीही वाया गेली असेल. मग गोळी एकटी पडेल. तिच्यासाठी शेवटचं तेवढंच उरलंय, ते असं आंधळेपणानं कसं घालवू?

सगुणा : म्हंजे तवर तिला कायच नाय.

मंदाकिनी : नाही. माझाही जीव तुटतो, सगुणा. पण तुझ्यातली गोळी तिला दिलीस तर दोघी जाल.

सगुणा : ती मागनार नाय, बाय. नुसती बघंल.

मंदाकिनी : तिच्यासमोर घेऊ नकोस.

सगुणा : येकच खोली हाय आमची. कुठं जाऊन गिळू?