शिफाचा काळा लिबास

मी मूळची ठाण्याची, माहेरी आईचं शिवणकाम, म्हणून मशीनचा आवाज ऐकतच मोठी झाले, आणि लग्नानंतर इकडे शारजाला आले ती अल नहदाच्या याच फ्लॅटमध्ये, मिस्टर फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, आठवड्यातून दोनदा घरी, मग मी दिवसभर काय करणार, मशीनच घेतली. आता बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडे असतात.

समोरच्या फ्लॅटमध्ये शिफा राहायची, मालदीवची, क्लिनिकमध्ये नर्स, मला आंटी म्हणायची पण मुलीसारखीच. लग्न ठरलं तशी म्हणाली, आंटी, आजकल हमारे यहाँ सब बीच पे सफेद गाऊन पहनती हैं, मुझे नानी जैसा लिबास चाहिए, काला. आणि नानीने स्वतः विणलेली गळ्याची पट्टी हातात दिली, सोन्याचांदीच्या जरीची. काय सांगू तुम्हाला, बघून डोळे निवले, पण काळं? नवरीच्या अंगावर? माझा हातच धजेना. मग मी शहाणपणा केला, तिला न विचारता मरून सिल्क आणलं, शिवलं, म्हटलं बघितल्यावर खूश होईल.

ट्रायलला आली, मरून लिबास उलटसुलट करून बघितला. लग्नासाठी मालदीवला जायच्या फ्लाइटला चार दिवस. रागावली नाही हो, रागावली असती तर बरं झालं असतं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, नानी राह देख रही है. मी म्हटलं, बेटा, हमारे में काला अशुभ होता है. तिने माझं मंगळसूत्र हळूच बोटाने उचललं, और ये?

पंचवीस वर्षं काळे मणी घालून फिरतेय, पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी हौसेने काळी चंद्रकळा नेसवली होती. म्हटलं खलास, बास झालं, चल, काळं कापड आणू. पट्टीचा टाका न् टाका उसवला, जरीची एक तार तुटू दिली नाही, आणि ती काळ्यावर बसवली.

मग मला घेऊनच गेली बेटावर. निकाह झाला, किनाऱ्यावर ढोल, सगळं गाव जेवायला. तेवढ्यात नानी आली, आमची भाषा एक नाही, तिने त्या पट्टीवरून बोट फिरवायला घेतलं, मागे मानेपाशी, उसवून पुन्हा शिवलेल्या जागी थांबली, माझा जीव वरखाली. पुन्हा फिरवलं, आणि मग जी माझा हात धरून बसली, जेवतानासुद्धा सोडेना.

सुखात आहे हो पोर, अशीच राहो. आता माझी लेक म्हणते, ममा, आय वॉन्ट ब्लॅक टू. मी म्हटलं, यल्ला, चल, आधी मुलगा तर आण. माप मात्र घेऊन ठेवलंय.