दुसऱ्या चावीची तक्रार

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (काळजीवाहक), राहणार बेघरांच्या निवासाच्या तळमजल्यावरची आतली खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील निवासात मी अकरा वर्षे कामाला आहे. रस्त्यावर दिवस काढलेल्या बावीस जणांना तिथे स्वतःची खोली मिळालेली आहे. प्रत्येक खोलीला दोन चाव्या असतात. एक राहणाऱ्याची. दुसरी कोणाकडे ठेवायची ते त्यानेच ठरवायचे, असा आमचा नियम आहे. बहुतेकांची दुसरी चावी माझ्याकडे आहे.

नऊ नंबरच्या आजी, वय अंदाजे ७०, चौदा महिन्यांपूर्वी आल्या. दोन्ही चाव्या त्यांनी स्वतःच्याच गळ्यात ठेवल्या. त्या खाटेवर गाठोडे ठेवतात आणि स्वतः जमिनीवर झोपतात. त्यांच्या डोक्यातल्या जटा मी सोडवल्या, त्याला चार दिवस लागले. ओळखपत्रासाठी मी त्यांना तीन कचेऱ्यांत फिरवले. रोज गरम पाण्याची बादली दाराशी ठेवली. एवढ्या काळात त्या माझ्याशी "हं"च्या पुढे बोलल्या नाहीत. माझे त्याबद्दल काही म्हणणे नव्हते, कारण त्या कोणाशीच बोलत नव्हत्या.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची एक मुलगी, वय २०, दोन महिन्यांसाठी कामाला आली. तिला फरशी धड पुसता येत नाही, नोंदवहीत तारीख चुकते, आणि कामाच्या वेळी ती आजींच्या उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसते. मी म्हटले, नव्याचे नऊ दिवस. तिसऱ्या आठवड्यात तिच्या शर्टाचे बटण तुटले. तिला ते लावता येईना. आजींनी सुई तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाल्या, "आईनं काय शिकवलं गं तुला? आण इकडे." मी जिन्यात बादली घेऊन उभी होते. मला कधी त्यांच्याकडून काही शिकायची गरज पडली नव्हती.

पुढे दोघींचे हसणे माझ्या खोलीपर्यंत ऐकू येऊ लागले. आयत्या बिळावर नागोबा, असे मी स्वयंपाकीणबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढं केलंत म्हणून तर त्या माणसांत आल्या." त्याने माझे समाधान झाले नाही.

दि. १७ रोजी सकाळी आजींनी एक चावी गळ्यातून काढून त्या मुलीच्या गळ्यात घातली. मी ते जिन्यातून पाहिले. मुलगी धावत खाली आली. "ताई, बघा ना, आजींनी मला दिली!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी मी याच ठाण्यात येऊन, तिने चावी चोरली, असे लिहून दिले. का, असे विचारता सांगते की, मला तिचा हेवा वाटला. तिला परत पाठवतील, एवढेच माझ्या डोक्यात होते.

दि. १८ रोजी सकाळी अकरा वाजता दोन शिपाई चौकशीला आले व त्यांनी नऊ नंबरचे दार वाजवले. वर्दी दिसली की गाठोडे उचलून चालू लागायचे, ही फुटपाथवरच्या माणसाची सवय असते. हे मला माहीत होते. नव्या शिपायांना मीच ते दर वर्षी समजावून सांगते. शिपाई मुलीला विचारायला खाली आले, तेवढ्यात आजी मागच्या जिन्याने निघून गेल्या. आज तिसरा दिवस आहे.

मुलीचे काम कॉलेजने थांबवले आहे. माझी चोरीची तक्रार खोटी होती. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. पण आधी आजींना शोधावे.

वर्णन: उंची पाच फुटांच्या आत, केस मानेपर्यंत कापलेले, ऐन उन्हाळ्यातही अंगात तपकिरी स्वेटर. पूर्वी कुठे बसत, कोणाकडे जातील, असे विचारता मला सांगता येत नाही. ते त्या मुलीला माहीत असेल. शोधायलाही तिलाच न्यावे, आणि वर्दीतले कोणी सोबत नसावे. माझ्या हाकेला आजी येणार नाहीत.

हा जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे वाक्य नको असल्यास खोडतो, असे हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हटले, राहू द्या, ते बरोबर आहे.